पायवाटांवरील विद्युत स्कूटरचे नियमन (सातारा व सांगली जिल्हे)

सातारा व सांगली जिल्ह्यांतील सार्वजनिक पायवाटा, पाणंद रस्ते आणि वनवाटा यांवर स्कूटर, विशेषतः बॅटरीवर चालणारी स्कूटर, नेण्यास परवानगी आहे की नाही हे एकाच कायद्याने ठरत नाही. वाहनाची कायदेशीर व्याख्या आणि वाट ज्या जमिनीवरून जाते त्या जमिनीचा दर्जा, या दोन बाबींवर ते अवलंबून असते.

वाहनाची व्याख्या

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार जेथे जनतेस जाण्याचा हक्क आहे असा कोणताही रस्ता किंवा वाट हे ‘सार्वजनिक ठिकाण’ होय. त्यामुळे पेट्रोलवर चालणाऱ्या नेहमीच्या स्कूटरला पायवाटेवरही परवाना, नोंदणी व विमा आवश्यक ठरतो. मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची विद्युत दुचाकी, चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केल्यास, ‘मोटार वाहन’ मानली जात नाही.

अधिकार कोणाचे

अधिनियमाच्या कलम ११५ अन्वये राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अथवा रस्त्याच्या स्वरूपामुळे विशिष्ट रस्त्यावर मोटार वाहनांना मनाई करू शकतो. ही मनाई मोटार वाहनांपुरतीच असल्याने वरील सूट मिळालेल्या दुचाकी तिच्या कक्षेबाहेर राहतात. सातारा नगरपरिषद १९६५ च्या, सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका १९४९ च्या आणि ग्रामपंचायती १९५८ च्या अधिनियमाखाली काम करतात. आपल्या ताब्यातील रस्ते व उद्याने यांची व्यवस्था त्यांच्याकडे असते. पाणंद व शिवरस्त्यांवरील अडथळ्यांचे वाद तहसीलदारापुढे चालतात. शेतमालाची ने-आण याच रस्त्यांनी होत असल्याने तेथे सरसकट वाहनबंदी व्यवहार्य नसते.

वनक्षेत्रातील वाटा

वनक्षेत्रात वाहनाच्या व्याख्येचा प्रश्न गौण ठरतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात अनधिकृत प्रवेश हाच गुन्हा आहे. कलम २५ अन्वये शासनाच्या पूर्वमान्यतेने वनातील वाट बंदही करता येते. मात्र त्यासाठी सोयीचा पर्यायी मार्ग असावा लागतो. कोयना व सागरेश्वर अभयारण्ये आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान येथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार प्रवेशासच परवानगी लागते. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या कास पठारावर जांभ्या खडकावरील मातीचा थर अत्यंत पातळ आहे. चाकांखाली तो दबल्यास किंवा सुटल्यास फुलझाडांचा आधारच नाहीसा होतो. त्यामुळे पर्यटकांची वाहने वाहनतळावर ठेवून पठार पायी पाहण्याची पद्धत तेथे आहे.

तुलना

रायगड जिल्ह्यातील माथेरान हे २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असून तेथे मोटार वाहनांना बंदी आहे. माणसांनी ओढायच्या रिक्षांना पर्याय म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षांच्या प्रायोगिक वापरास अनुमती दिली. वृद्ध, रुग्ण व दिव्यांग यांच्या सोयीसाठी मर्यादित विद्युत वाहनांना वाव ठेवून पादचाऱ्यांची वाट सुरक्षित राखणे, हा प्रश्न सातारा-सांगलीतील पायवाटांबाबतही तितकाच लागू आहे.