चिखलात राहिलेला पारा

गावी गेले की एक प्रश्न ठरलेला असतो. या उन्हाळ्यात अर्जुनी मोरगावकडच्या एका लग्नात, पंगतीला शेजारी बसलेल्या आजोबांनी तो विचारलाच. "का वो बाई, समुद्राच्या बुडाशी असते तरी काय? चिखलच ना?"

म्हटलं, "हो जी, चिखलच असते."

यात मी काही लपवत नव्हते. माझी पीएच.डी. थंड समुद्रांच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्यांवर आहे: शिंपले, गोगलगायी, किडे, तारामासे. त्यांच्या अंगात पारा कसा साठतो, हा माझा विषय. गोंदियापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यातही थंड समुद्र तर विचारूच नका. तेव्हा लोकांना प्रश्न पडणं साहजिक आहे. आज आलेख आणि आकडेवारी बाजूला ठेवते आणि या चिखलाकडे लोकांचं लक्ष कसं गेलं, तेवढंच सांगते.

आधी एक फरक लक्षात घ्या. थर्मामीटरमधला चकाकणारा पारा म्हणजे धातूरूप पारा. तो चुकून गिळला गेला तरी पोटातून फारसा शोषला जात नाही (वाफ मात्र घातक). मिथाइल पारा ही वेगळीच चीज. तो अन्नातून जवळपास पूर्ण शोषला जातो, मेंदूत शिरतो, आईच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. शरीरातून बाहेर पडायला त्याला फार वेळ लागतो. म्हणून लहान प्राण्याला मोठ्याने खाल्लं, त्याला आणखी मोठ्याने, की दर पायरीला तो वाढत जातो.

जगाला हे कळलं ते जपानच्या मिनामाता गावात. 1 मे 1956 रोजी तिथल्या चिस्सो कंपनीच्याच दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा यांच्याकडून आरोग्य खात्याला कळवण्यात आलं की मेंदूचा एक अनोळखी आजार दिसतो आहे. गावातली मांजरं आधीच झिंगल्यासारखी नाचून मरत होती. आजारी माणसं बहुतेक कोळी कुटुंबांतली, खाडीतले मासे आणि शिंपले रोज खाणारी. 1959 मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. कंपनीचं म्हणणं, आम्ही वापरतो तो अजैविक पारा, त्याचा याच्याशी काय संबंध? त्याच वर्षी डॉ. होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिलं आणि त्याला तोच आजार झाला. हे 400 नंबरचं मांजर. कंपनीने तो निकाल दाबून ठेवला.

पुढे संशोधकांनी खाडीच्या शिंपल्यांतून मिथाइल पाऱ्याचं संयुग वेगळं काढलं, आणि नंतर कारखान्याच्या गाळातही ते सापडलं. म्हणजे पहिली खणखणीत साक्ष दिली ती तळाशी बसून राहणाऱ्या शिंपल्याने. तरी कारखान्यातली ती प्रक्रिया बंद झाली मे 1968 मध्ये, आणि सरकारने कारण मान्य केलं सप्टेंबर 1968 मध्ये. बारा वर्षं! मला या इतिहासात सगळ्यात जास्त राग येतो तो इथे.

पण मिनामातामुळे एक गैरसमजही रुजला. तिथे मिथाइल पारा कारखान्यातच तयार होत होता. त्यामुळे वाटलं, कारखान्यातून मिथाइल पारा सुटत नसेल तर काळजीचं कारण नाही. हा समज स्वीडनमध्ये मोडला. 1966 मध्ये गुनेल वेस्टॉ यांनी दाखवलं की तिथल्या माशांमधला पारा मिथाइल रूपात आहे. मग तो आला कुठून? 1969 मध्ये येन्सेन आणि येर्नलोव या दोघांनी उत्तर दिलं. मत्स्यपेटीच्या तळाचा गाळ घेतला, त्यात साधा अजैविक पारा घातला आणि वाट पाहिली. गाळातल्या जीवाणूंनी त्याचा मिथाइल पारा करून ठेवला! ऑक्सिजन नसलेल्या चिखलात हे काम जीवाणू गुपचूप करत असतात. त्यासाठी लागणारे जनुक सापडायला मात्र 2013 साल उजाडलं.

हे वाचून मला सारखी आठवते ती आपली उल्हास नदी. कल्याण-अंबरनाथ पट्ट्यात रेयॉन आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो. तो बनवायची जुनी पद्धत अशी, की मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची आणि सोडियम धरून ठेवायला खाली पाऱ्याचा थर ठेवायचा. पारा पुन्हा पुन्हा वापरला जातो हे खरं, पण थोडा थोडा सांडपाण्यातून निसटतोच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी 1981 मध्ये ठाणे खाडी आणि मुंबई बंदरातल्या पाऱ्यावर निबंध छापला. 2003 मध्ये अनिरुद्ध राम आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत झिंगडेही होते, उल्हासच्या खाडीमुखातल्या गाळाचा अभ्यास मांडला. कारखान्यांतून येणारा पारा बराच कमी झाला होता, गाळातला मात्र तसाच मुक्काम करून होता. 2003 मध्येच केंद्राच्या सनदेत पाऱ्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं.

पाणी वाहून जातं, भरती-ओहोटीने पातळ होतं. त्यामुळे नुसत्या पाण्याचा नमुना तपासून निर्धास्त होता येत नाही. निवटी, खेकडे, कालवं यांचा संसारच चिखलात. आणि आगरी-कोळी घरांत ताटात येतात ती हीच.

आता थंड समुद्र. तिथे कारखाने नाहीत, मग पारा कुठला? हवेतला. पाऱ्याची वाफ हवेत कित्येक महिने टिकते, म्हणजे पृथ्वीला वळसा घालायला पुरेसा वेळ. 1995 मध्ये कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या अलर्ट या ठाण्यावर दिसलं की ध्रुवीय वसंत ऋतूत सूर्य परतला की हवेतला पारा एकाएकी गायब होतो. तो बर्फावर उतरत होता. फेरो बेटांवर पायलट व्हेलचं मांस खाणाऱ्या आयांच्या, 1986-87 मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास झाला. सातव्या वर्षी भाषा, लक्ष आणि स्मरणशक्ती यांत पाऱ्याशी जोडलेली घसरण दिसली, आणि 1997 मध्ये ती छापून आली. त्या आयांनी कुठलाही कारखाना चालवला नव्हता.

तळाचे प्राणी या कहाणीत मला जास्त रोचक वाटतात, कारण ते सरसकट विषारी नाहीत. पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यात पारा कमी. शिंपल्यांवर जगणाऱ्या वॉलरसच्या मांसातही तो मासेखाऊ दातवाल्या व्हेलच्या मानाने कमी असतो. दुसरे प्राणी खाणाऱ्या गोगलगायी आणि तारामाशांत मात्र पायरी वर चढते. शिवाय थंडीत वाढ मंद आणि आयुष्य लांब. 2006 मध्ये आइसलँडजवळ मिळालेला एक शिंपला 507 वर्षांचा निघाला! इतका काळ चिखलात बसून राहणाऱ्याचं वय विचारल्याशिवाय त्याच्या पाऱ्याचा आकडा वाचता येत नाही. माझा अर्धा वेळ वय मोजण्यातच जातो.

आणि गोंदिया? 2015 मध्ये माणसाच्या कामांमुळे जगभरात सुमारे 2,200 टन पारा हवेत गेला, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यात सोन्याच्या छोट्या खाणींखालोखाल कोळसा जाळण्याचा वाटा मोठा. आपल्या तिरोड्याचं वीज केंद्र 3,300 मेगावॉटचं. कोळशात पारा कणभर असतो, पण कोळसा ढिगाने जळतो. भारतात औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यावर मर्यादा आली ती डिसेंबर 2015 मध्ये, आणि मिनामाता करार आपण पक्का केला 18 जून 2018 रोजी. चिमणीतून निघालेल्या पाऱ्यातला काही आसपासच पडतो, काही वाऱ्यावर दूर जातो.

हे सगळं त्या आजोबांना पंगतीत सांगून झालं नाही, अर्थात. भात संपेपर्यंत शिंपल्यापर्यंतच पोचले होते. पण हात धुताना त्यांनीच विचारलं, "मग आमच्या बोडीत?"

तलाव-बोड्यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. मी म्हटलं, शिडी तिथेही तीच असते. कतला पाण्यातले बारीक जीव खाते, मृगल बुडाशी कुजलेलं चरते, आणि मरळ दुसरे मासे खाते. मासे सोडू नका, ते चांगलं अन्न आहे. पण घरात कोणी पोटुशी असेल तर तिच्या ताटात जुनी मोठी मरळ रोज नको, लहान रोहू-कतला बरे.

"मरळच तं गोड लागते वो," ते म्हणाले.

ते खरंच आहे.