अन्नवस्त्राच्या हक्काची कुळकथा

तरुण मुलगा गेला की घरातली वडील माणसं सांगतात, ‘सुनेला आम्ही अंतर देणार नाही, तिला दोन घास कमी पडू देणार नाही.’ बोलणं मायेचं असतं. पण घर विधवेला पोसतं ते उपकार म्हणून, अशी समजूत त्यामागे असते. ती चुकीची आहे. विधवेचं अन्नवस्त्र हा नवऱ्याच्या मालमत्तेतून निघालेला हक्क होता, आणि शेवटी याच हक्काने तिला मालक केलं.

या हक्काचं मूळ शोधायला बसवकल्याणला जावं लागतं. तेव्हाची ती चालुक्यांची राजधानी, कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत विज्ञानेश्वराने तिथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मुलगा नसलेला पुरुष वारला तर पहिली वारस त्याची पत्नी, असा याज्ञवल्क्याचा क्रम. विज्ञानेश्वराने तो मान्य केला, पण एका अटीवर: नवरा भावांपासून विभक्त झालेला हवा. एकत्र कुटुंबात तो वारला, तर त्याचा हिस्सा उरलेल्या भाऊबंदांत मिसळणार आणि विधवेला अन्नवस्त्र मिळणार. बंगालात जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने एकत्र कुटुंबातल्या पुत्रहीन विधवेलाही हिस्सा दिला. आपल्याकडे मात्र मिताक्षरा चालली. गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकणात नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’चा मान मोठा होता. पैठणहून काशीला गेलेल्या घराण्यातले हे पंडित. पण तिथेही एकत्र कुटुंबातल्या विधवेच्या वाट्याला अन्नवस्त्रच आलं.

इंग्रजी न्यायालयं आली आणि शास्त्रातल्या वचनांचे निवाडे झाले. विधवा घर सोडून माहेरी गेली तर तिला पोटगी मिळेल का? चारित्र्यावर बोट ठेवलं गेलं तर? विधवांचं पोट अशा प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून राहिलं. दीर-पुतण्यांना पैसे वाचवायचे असले की चारित्र्याचा आरोप हे हाताशी असलेलं शस्त्र होतं. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत क्रूर भाग वाटतो. पोटाच्या मागणीला उत्तर म्हणून बाईला भरल्या कोर्टात स्वतःची अब्रू सिद्ध करावी लागे.

१८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्याने विधवेला लग्नाची वाट मोकळी केली, पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला वारसा आणि पोटगी दोन्ही काढून घेतली. ज्या जातींत पाट लावण्याची रीत पूर्वापार होती, त्यांतल्या बायकांना हा कायदा लागू पडायचं काही कारण नव्हतं. तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो त्यांनाही लावला. अलाहाबादने उलट मत दिलं होतं.

मुंबईत पेडर रोडवरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की ज्या डॉ. गोपाळराव देशमुखांचं नाव या रस्त्याला दिलं आहे, ते पेशाने सर्जन होते आणि त्यांच्या नावाने एक कायदा ओळखला जात होता? मध्यवर्ती विधिमंडळात त्यांनी हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचं विधेयक आणलं. त्यांना मुलीलाही वाटा द्यायचा होता. छाननीत मुलगी गळाली, विधवा उरली. १४ एप्रिल १९३७ पासून कायदा लागू झाला. एकत्र कुटुंबात नवऱ्याचा जो हितसंबंध, तोच आता विधवेकडे येणार होता. मात्र तिची मालकी हयातीपुरतीच राहिली. कायदेशीर गरज दाखवल्याशिवाय तिला जमीन विकता येत नव्हती, आणि तिच्यामागून येणारे वारस प्रत्येक व्यवहारावर डोळा ठेवून असत. त्यातच १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने मत दिलं की शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने प्रांतांत हा कायदा तिला लागू नाही. खेड्यातल्या बाईसाठी कायदा तिथेच लंगडा झाला. शिवाय १९३७ च्या त्या तारखेआधी ज्यांचे नवरे वारले होते, त्यांना त्याचा काहीच उपयोग नव्हता.

अशाच एका विधवेने पुढचा इतिहास घडवला. तुळसम्मा आंध्रातल्या नेल्लोरकडची. नवरा १९३१ मध्ये, सावत्र भावाबरोबर एकत्र असताना वारला. म्हणजे तिच्या हाती फक्त जुनं अन्नवस्त्र. १९४४ मध्ये तिने दिरावर पोटगीचा दावा लावला, हुकूमनामा मिळवला, आणि १९४९ मध्ये तडजोड झाली. पोटगीपोटी काही मालमत्ता तिच्याकडे आली. अट अशी की तिने हयातीपर्यंत उपभोग घ्यावा, विकू नये.

मग १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला. त्याचं कलम १४(१) सांगतं की हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची, मग ती पोटगीपोटी मिळालेली का असेना. लगेच १४(२) सांगतं की मृत्युपत्र, बक्षीसपत्र किंवा हुकूमनाम्यानेच हयातीपुरता हक्क दिला असेल, तर तो तेवढाच. तुळसम्माने जमीन विकली आणि दीर कोर्टात गेला. उच्च न्यायालयात ती हरली.

१७ मार्च १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. न्या. भगवतींनी या कलमाच्या कच्च्या मसुद्यावर कडक ताशेरे ओढले. न्या. फझल अलींनी विधवेच्या पोटगीविषयीची शास्त्रवचनं आणि जुने निवाडे तपासून दाखवून दिलं की तिचा हक्क तडजोडीच्या कागदातून जन्मलेला नव्हता, तो आधीपासूनच होता. कागदाने फक्त त्याला जमिनीचं रूप दिलं. ज्या अन्नवस्त्रावर तिची बोळवण झाली होती, त्यातूनच पूर्ण मालकी निघाली.

प्रश्न तिथे संपला नाही. नंतरच्या निकालांत या दोन उपकलमांचा मेळ बसला नाही, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तो मोठ्या पीठाकडे पाठवायचं ठरवलं.

तुमच्या घरच्या जुन्या वाटणीपत्रात आजीच्या किंवा चुलतआजीच्या नावापुढे ‘हयातीपर्यंत’ असं लिहिलेलं असेल, तर तो शब्द शेवटचा मानू नका. ती जमीन तिला कशापोटी मिळाली आणि १९५६ मध्ये ती कोणाच्या ताब्यात होती, हे आधी शोधा आणि मगच हक्कसोडपत्रावर सही करा.