हरलेल्यांचे शास्त्र

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ नावाचे छोटे गाव आहे. समुद्राची हवा खायला येणारे लोक, किनाऱ्यालगतचा लांब रस्ता आणि एक विद्यापीठ, एवढीच त्याची ओळख. १९१९ साली याच गावात आंतरराष्ट्रीय राजकारण या विषयाचे जगातले पहिले अध्यासन सुरू झाले. इथले बरेच विद्यार्थी पहिल्या महायुद्धात मारले गेले होते. त्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस या कोळसा आणि रेल्वेच्या धंद्यातल्या घराण्याच्या वारसाने आणि त्याच्या दोन बहिणींनी वीस हजार पौंड दिले. अध्यासनाला नाव मिळाले अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे. राष्ट्रसंघ, निःशस्त्रीकरण, आंतरराष्ट्रीय कायदा हे नीट शिकवले तर पुढची पिढी लढणार नाही, अशी देणगीदारांची श्रद्धा होती.

सतरा वर्षांनी त्याच खुर्चीवर बसलेल्या माणसाने ती श्रद्धा मोडीत काढली. एडवर्ड हॅलेट कार वीस वर्षे ब्रिटिश परराष्ट्र खात्यात होता, १९१९ च्या पॅरिस परिषदेतही त्याने काम केले होते. डेव्हिसला हा गृहस्थ नको होता, तरी १९३६ मध्ये नेमणूक झाली. तीन वर्षांनी त्याचे ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ छापून होत असतानाच पोलंडवर हल्ला झाला. ज्यांच्या पदरात आधीच सगळे पडले आहे, त्यांना शांतता प्रिय असते आणि आपल्या सोयीलाच ते जगाची नीती म्हणतात, असा कारचा रोख होता. तो ब्रिटनवरही होता. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वर्गात ज्याला वास्तववाद म्हणतात, त्याच्या आधुनिक शाखेची सुरुवात बहुतेक प्राध्यापक इथून करतात.

वर्गात पुढे जे होते ते ठरलेले. फळ्यावर थुसिडिडीस, मॅकियाव्हेली, हॉब्ज, मॉर्गेन्थॉ, वॉल्ट्झ ही नावे एकाखाली एक येतात. सत्ता, राष्ट्रहित, सत्तासमतोल हे शब्द लिहून घेतले जातात. वास्तववादी म्हणजे ‘बळी तो कान पिळी’ हे शास्त्रात बसवणारे लोक, अशी समजूत घेऊन विद्यार्थी बाहेर पडतो. या यादीतली माणसे कुठून आली, कुठल्या परिस्थितीत लिहीत होती, हे सहसा कोणी सांगत नाही. ते पाहिले तर बळाची पूजा करावी असे त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या वाट्याला आले होते.

थुसिडिडीस अथेन्सचा सेनापती होता. इसवी सनापूर्वी ४२४ मध्ये ॲम्फिपोलिस हे मोक्याचे शहर वाचवायला तो गलबते घेऊन निघाला आणि उशिरा पोचला. तोवर स्पार्टाच्या ब्रासिडासने शहर घेतले होते. अथेन्सने त्याला हद्दपार केले. वीस वर्षांच्या हद्दपारीने दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोलायची सवड दिली, असे तो स्वतःच सांगतो. पेलोपोनेशियन युद्धाचा त्याचा इतिहास त्या सवडीतून आला. त्यातला मेलोस बेटावरचा संवाद वास्तववादाचा आद्य धडा म्हणून शिकवतात. ४१६ मध्ये अथेन्सचे दूत मेलोसच्या लोकांना बजावतात की न्यायाची भाषा बरोबरीच्या लोकांत चालते, तुम्ही शरण या. मेलोस नकार देते. अथेन्स पुरुषांची कत्तल करते, बायकामुलांना गुलाम म्हणून विकते. धडा इथे संपवतात. थुसिडिडीसने मात्र पान उलटले की लगेच सिसिलीची मोहीम सुरू केली आहे. तीच गुर्मी घेऊन अथेन्स ४१५ मध्ये सिराक्यूजवर गेले आणि दोन वर्षांत आरमार, फौज, सेनापती सगळे गमावून बसले. पुस्तकात मेलोस आणि सिसिली एकमेकांना खेटून आहेत. एकच वाचायला देणारा अभ्यासक्रम त्या बिचाऱ्या सेनापतीला नेमका उलटा वाचायला लावतो.

मॅकियाव्हेलीची गोष्टही अशीच. १४९८ पासून चौदा वर्षे तो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा कारभारी होता. भाडोत्री सैनिकांवर विसंबू नका म्हणून त्याने नागरिकांची फौज उभी केली. १५१२ च्या ऑगस्टमध्ये प्रातो शहरापुढे स्पॅनिश सैन्य आले आणि ही फौज पळाली. मेदिची घराणे परतले, मॅकियाव्हेलीची नोकरी गेली. पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगात टाकले आणि हात पाठीमागे बांधून, दोरीने वर ओढून, खाली सोडण्याची शिक्षा अनेकदा दिली. नवा पोप निवडला गेला त्या आनंदात कैदी सुटले, त्यांत हाही सुटला. मग गावाबाहेरच्या शेतावर राहून त्याने ‘द प्रिन्स’ लिहिले, तेही ज्यांनी छळले त्यांच्याच दारी चाकरी मिळेल या आशेने. ती मिळाली नाही. पुस्तक छापले गेले १५३२ मध्ये, तो मेल्यानंतर पाच वर्षांनी. हॉब्जही यादवीच्या भीतीने १६४० मध्ये पॅरिसला पळाला होता आणि ‘लेव्हायथन’चा मोठा भाग तिथेच लिहिला गेला.

विसाव्या शतकातल्या वास्तववादावर सर्वांत खोल ठसा आहे तो हान्स मॉर्गेन्थॉचा. १९०४ मध्ये कोबुर्गमध्ये एका ज्यू डॉक्टरच्या घरी त्याचा जन्म झाला. नगरपालिकेत नाझींना बहुमत देणारे हे जर्मनीतले पहिले शहर, १९२९ साली. त्याच्या आधीच तिथली हवा बिघडली होती. शाळेत वर्गात पहिला आला म्हणून समारंभात भाषण करायचा मान हान्सला मिळाला. तो बोलत असताना माजी ड्यूक नाक दाबून बसला होता, अशी आठवण त्याने म्हातारपणी लिहून ठेवली आहे. पुढे तो कायदा शिकला. फ्रँकफर्टमध्ये हुगो झिन्त्सहायमर या मोठ्या कामगार-वकिलाच्या हाताखाली त्याने काम केले. वायमार राज्यघटनेच्या घडणीत झिन्त्सहायमरचा हात होता. कायद्याने जग सुधारता येते असे मानणाऱ्यांच्या सहवासात हा तरुण वाढला आणि ती राज्यघटना कागदावर तशीच असताना राज्य कोणाच्या ताब्यात गेले, हेही त्याने पाहिले.

१९३२ मध्ये तो जिनिव्हाला शिकवायला गेला तो परत येऊ शकला नाही. तिथून माद्रिद. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा तो पत्नीसह देशाबाहेर होता. घर आणि ग्रंथसंग्रह मागे राहिले. १९३७ मध्ये न्यूयॉर्कला उतरलेल्या या विद्वानाला ब्रुकलिन कॉलेजात संध्याकाळचे वर्ग मिळाले, मग कॅन्सस सिटी, आणि १९४३ मध्ये शिकागो विद्यापीठ. १९४८ मध्ये ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ आले. राष्ट्रे सत्तेच्या भाषेतच हित मोजतात, हे त्यातले विधान पाठ करणारे विद्यार्थी हजारोंनी आहेत. पण याच पुस्तकाचा शेवटचा भाग मुत्सद्देगिरीवर आहे. समोरच्याच्या जागी उभे राहून बघा, धर्मयुद्धाची भाषा टाळा, जिथून मागे फिरता येणार नाही अशा जागी पाऊल टाकू नका. सत्तेला मोकाट सोडले की काय होते हे ज्याने भोगले आहे, त्याची ही वाक्ये आहेत. अमेरिकन विद्यापीठांत त्यातला पहिला अर्धा भाग जास्त खपला, यात लेखकाचा दोष थोडा.

त्याच्यासारखेच आणखी काही होते. ड्युसेलडॉर्फचा जॉन हर्त्झ असाच पळून अमेरिकेत आला. एक देश स्वतःच्या बचावासाठी शस्त्रे घेतो, शेजाऱ्याला ती हल्ल्याची तयारी वाटते, तोही घेतो, आणि दोघेही आधीपेक्षा असुरक्षित होतात. या सापळ्याला ‘सुरक्षेचा पेच’ हे नाव हर्त्झने १९५० मध्ये रूढ केले.

हा सगळा युरोपचा वारसा आहे असे भारतीय विद्यार्थ्याने मानायचे कारण नाही. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात तंजावरकडच्या एका पंडिताने ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ग्रंथपाल रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी ती वाचून १९०९ मध्ये कौटिल्याचे अर्थशास्त्र छापले. दहा वर्षांच्या आत हे नाव म्यूनिकला पोचले होते. १९१९ मध्ये माक्स वेबरने राजकारणावरच्या आपल्या गाजलेल्या व्याख्यानात कौटिल्यापुढे मॅकियाव्हेली अगदीच निरुपद्रवी आहे असे सांगितले, आणि वेबर हा मॉर्गेन्थॉच्या मोठ्या गुरुस्थानांपैकी एक. संस्कृत संहितेची चिकित्सक आवृत्ती, इंग्रजी अनुवाद आणि अभ्यास असे तीन खंड मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात काढले, ते रा. पं. कंगले यांचे काम. आजही जगभर कौटिल्यावर लिहिणारा कंगल्यांना ओलांडून जाऊ शकत नाही.

वर्गात अर्थशास्त्रातले मंडल तेवढे शिकवतात: शेजारी तो शत्रू, शत्रूचा शेजारी तो मित्र. पंधरा अधिकरणांपैकी बारावे मात्र ‘आबलीयस’ आहे, म्हणजे दुबळ्या राजाचे. बलाढ्य चालून आला तर सगळी फौज घेऊन लढून मरू नये, वेतासारखे नुसते वाकतही राहू नये. चालून येणारा धर्माने वागणारा, लोभी की क्रूर हे आधी ओळखावे आणि पैसा, जमीन, मुत्सद्दी, हेर, विष यांतले जे लागू पडेल ते वापरावे. जिंकणाऱ्याला एवढे सोपस्कार लागत नाहीत.

मराठीतही असा एक मजकूर आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ चे. त्यामागे काय होते हे लक्षात घ्यायला हवे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना मारले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि देशातला कारभार हुकमतपन्हा म्हणून रामचंद्रपंतांवर आला. खजिना नाही, राजा शेकडो कोस दूर, औरंगजेब स्वतः दख्खनेत तळ ठोकून. राज्य बुडता बुडता राहिले ते किल्ल्यांमुळे, आणि म्हणून आज्ञापत्रातला किल्ल्यांचा भाग एवढा बारीक आहे. तट, पाणी, दारूगोळा, हवालदाराची बदली, गडावर कोणती झाडे राखायची, सगळे त्यात आहे. आरमाराबद्दलही तसेच.

फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन) यांच्यावरचा परिच्छेद तर आजच्या कुठल्याही परराष्ट्र खात्यात टिपण म्हणून चालेल. हे इतर सावकारांसारखे नाहीत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, असे अमात्य सांगतात. हातात आलेली जागा हे मेल्याशिवाय सोडत नाहीत. व्यापाराला यावे, जावे; कायमचे ठाणे देऊ नये. वखारीला जागा द्यावीच लागली तर खाडीच्या तोंडावर किंवा समुद्रकाठी देऊ नये, कारण त्यांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा यांत आहे. आत, मोठ्या गावाजवळ, आपल्या नजरेखाली द्यावी आणि पक्के बांधकाम करू देऊ नये. समोरच्याचा हेतू गोड आहे की कडू यावर अमात्य वेळ घालवत नाहीत. त्याची ताकद कशात आहे आणि ती कुठे लागू पडते, एवढेच पाहतात. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या मराठी पाठ्यपुस्तकांनी थुसिडिडीससाठी जेवढी पाने खर्च केली, त्यांतली चार जरी इकडे दिली असती तर बरे झाले असते.

सगळ्याच वास्तववाद्यांना हे लागू होत नाही. कार कधी देशोधडीला लागला नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याचे वास्तवाचे भान हिटलरपाशी येऊन चुकले. पहिल्या आवृत्तीत म्यूनिक कराराला अनुकूल असलेला मजकूर १९४६ च्या आवृत्तीत त्याने गाळला. केनेथ वॉल्ट्झ तर विजयी सैन्यातून आलेला. त्याने १९७९ मध्ये माणूस, स्वभाव, इतिहास सगळे बाजूला काढून सिद्धान्त मांडला: राष्ट्रांच्या डोक्यावर सरकार नाही, आणि महासत्ता किती यावरून बाकीचे ठरते. दोन महासत्तांचे जग स्थिर असते म्हणून त्याने सांगितले आणि बारा वर्षांत त्यांतली एक नाहीशी झाली. हेन्री किसिंजर नाझी जर्मनीतून सुटलेला, पण सत्तेत बसल्यावर त्याने कंबोडियावर बाँब टाकवले आणि १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीकडे डोळेझाक केली, कारण चीनकडे जाणारा रस्ता इस्लामाबादवरून होता. वास्तववादाचे नाव खराब करण्यात या एका माणसाचा वाटा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

मॉर्गेन्थॉ मात्र दुसऱ्या बाजूला होता. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे कुठलेही मोलाचे हित नाही असे तो १९६५ च्या आधीपासून लिहीत होता. त्या वर्षी २१ जूनला सीबीएस वाहिनीवर अध्यक्ष जॉन्सन यांचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी त्याचा जाहीर वाद झाला. संरक्षण खात्यातले सल्लागारपद त्याच वर्षी गेले. वॉल्ट्झ आणि अमेरिकन मुत्सद्दी जॉर्ज केनन हेही त्या युद्धाच्या विरोधात होते.

इराकच्या वेळीही असेच झाले. २६ सप्टेंबर २००२ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पैसे भरून दिलेली एक जाहिरात आली. इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही, असे तिच्यात म्हटले होते. खाली आंतरराष्ट्रीय संबंधांच्या ३३ अभ्यासकांच्या सह्या होत्या. वॉल्ट्झ, जॉन मिअरशायमर, स्टीफन वॉल्ट, रॉबर्ट जर्विस त्यांत होते. सद्दामला आवर घालता येतो, अल कायदाशी त्याचा संबंध दिसत नाही, युद्ध सहज जिंकले तरी बाहेर पडायची वाट नाही, दुभंगलेल्या त्या देशात वर्षानुवर्षे पहारा द्यावा लागेल, असे मुद्दे होते. मार्च २००३ मध्ये सैन्य इराकमध्ये घुसले. शेवटची तुकडी सीमा ओलांडून कुवेतमध्ये गेली ती डिसेंबर २०११ मध्ये, आणि २०१४ मध्ये अमेरिकन सैनिक पुन्हा बगदादला पाठवावे लागले.