हार्टलपूल ते वेम्ब्ली : मैदाने जोडणारी पदयात्रा

मार्च २०१६. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या जुन्या बंदराच्या गावातून, व्हिक्टोरिया पार्क या फुटबॉल मैदानावरून, साठी ओलांडलेले एक गृहस्थ पायी निघाले. नाव जेफ स्टेलिंग. दर शनिवारी दूरचित्रवाणीवर देशभरातील सामन्यांचे गोल सांगणारे निवेदक म्हणून ते घरोघरी परिचित होते. दहा दिवस, रोज एका मॅरेथॉनइतके अंतर, एकूण २६२ मैल, आणि शेवट लंडनच्या वेम्ब्लीवर. सोबतीला इंग्लंडचे माजी बचावपटू रसेल ऑसमन. हेतू एकच : पुरस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी पुरुषांना बोलते करणे आणि संशोधनासाठी निधी उभारणे.

याच ईशान्य इंग्लंडातून लंडनकडे निघालेली एक पदयात्रा इतिहासात अजरामर आहे. पामर कंपनीचा जहाजबांधणी कारखाना बंद पडल्यावर जॅरो गावचे सुमारे २०० बेकार कामगार ५ ऑक्टोबर १९३६ रोजी चालू लागले. ओकच्या पेटीत हजारो सह्यांचा अर्ज होता. खासदार एलन विल्किन्सन यांनी तो संसदेत मांडला. पंतप्रधान बाल्डविन यांनी मात्र कामगारांना भेट नाकारली. जॅरोकरांचे गाऱ्हाणे सरकारकडे होते. स्टेलिंग यांचे म्हणणे वाटेत भेटणाऱ्या पुरुषांपाशीच होते, आणि ते गळी उतरवणे कदाचित अधिक कठीण.

मग मुक्काम फुटबॉल मैदानांचेच का? याचे मूळ कारखान्याच्या भोंग्यात आहे. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व किशोरांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबले. पुढे ही अर्धी सुट्टी सर्वत्र रुजली आणि दुपारचा सामना हा कामगार पुरुषांचा साप्ताहिक रिवाज झाला. १८८८ च्या फुटबॉल लीगचे बाराही संस्थापक क्लब लँकेशायर आणि मिडलँड्सच्या उद्योगपट्ट्यातले. जो पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाही, तो मैदानावर हमखास भेटतो.

या रोगाची ओळखही उशिराच पटली. १८५३ मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन अ‍ॅडम्स यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आधारे पहिला रुग्ण नोंदवला, तेव्हा त्यांनी हा रोग अत्यंत दुर्मिळ ठरवला होता. २०१५ साली ब्रिटनमध्ये त्याचे ११,८१९ बळी गेले. स्तनाच्या कर्करोगाचे ११,४४२. हा क्रम पहिल्यांदाच उलटला होता. आरंभी बहुधा कोणतेच लक्षण दिसत नाही. पीएसए ही रक्तचाचणी आहे, पण ती पुरेशी अचूक नाही; म्हणून स्त्रियांना मॅमोग्राफीसाठी जसे बोलावणे येते तसे पुरुषांना येत नाही. पन्नाशीनंतर त्यांनी स्वतःच डॉक्टरकडे विषय काढायचा. अशा व्यवस्थेत मौन जीवघेणे ठरते.

जून २०१७ मध्ये स्टेलिंग पुन्हा निघाले : एक्सेटरच्या सेंट जेम्स पार्कपासून न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कपर्यंत, पंधरा दिवसांत पंधरा मॅरेथॉन. मैदानांच्या नावांतला हा योगायोग इंग्रजी विनोदबुद्धीला साजेसाच.

२०१८ च्या आरंभी अभिनेते स्टीफन फ्राय आणि बीबीसीचे निवेदक बिल टर्नबुल यांनी आपापले निदान जाहीर केले. त्यानंतर उपचारासाठी येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि इंग्लंडच्या आरोग्यसेवेच्या प्रमुखांनी त्याचे श्रेय जाहीरपणे या दोघांना दिले. टर्नबुल हे वायकम वाँडरर्सचे निष्ठावंत पाठीराखे. निदान झाले तेव्हा रोग त्यांच्या हाडांत पोहोचला होता. वेळेवर डॉक्टरांकडे न गेल्याचा स्वतःवरच राग येतो, हे त्यांनी लपवले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.