औषध मारणे

बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने निघाले, की वऱ्हाड संपून मराठवाडा सुरू होण्याच्या बेतात धाड लागते. भोवतालचा मुलूख कपाशी-सोयाबीनचा. या भागात, किंबहुना महाराष्ट्रभरच, शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. कपाशीवर औषध मारायचे, औषधाचा पंप धुवायचा, औषधाच्या दुकानाची उधारी फेडायची. आणि कर्जाने पिचलेल्या एखाद्याने जीव दिला, तर 'त्याने औषध घेतले' असेच सांगितले जाते. विषाला विष म्हणण्याचे भाषेने टाळले आहे, आणि या टाळण्याला इतिहास आहे.

माझ्या मते त्याचे एक मूळ डीडीटीत सापडते. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि फवारणीची पथके खेडोपाडी घरांच्या भिंती फवारू लागली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि ८ लाख दगावत, असा अंदाज होता. १९६५च्या सुमारास रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. तापाने फणफणलेले घर ज्याने पाहिले, त्याने या फवाऱ्याला औषध म्हटले तर त्यात अडाणीपणा कसला? ती कृतज्ञता फुकाची नव्हती. पण फवारा निरुपद्रवी असतो, ही समजूतही तिच्याबरोबर घरात शिरली. डीडीटीचा शेतीतील वापर भारतात १९८९ मध्ये थांबला, समजूत मात्र राहिली.

सरकारला धोक्याची जाणीव नव्हती असे नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभरावर माणसे मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण ही त्यांचीच देणगी. हे नियम आज वाचताना थक्क व्हायला होते: फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्यावेत, त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी. कागदावर यात उणे काढायला फारशी जागा नाही. परंतु नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असावा तो कारखान्याचा मालक. पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी सकाळी मजूर सांगतो आणि संध्याकाळी हिशेब चुकता करतो. त्याने कोणाचे रक्त, कोठे तपासून घ्यायचे?

इकडे कपाशीच बदलत गेली. देशी वाणांच्या जागी संकरित वाण आले, १९७० मध्ये सुरतेच्या केंद्राने एच-४ दिला. उत्पन्न वाढले, तशी बोंडअळीही वाढली आणि फवाऱ्यांची संख्याही. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा काही वर्षे फवारे खरोखरच कमी झाले. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली, मावा-तुडतुड्यांचा उपद्रव होताच, आणि पंप पुन्हा पाठीवर चढला.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते या साखळीचे टोक होय. वीसहून अधिक शेतकरी-मजूर मेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीला गेली होती, त्यामुळे फवारा गुडघ्याकडे नव्हे तर तोंडाकडे येत होता. हवा दमट, पंप बारीक तुषार उडवणारे, आणि एकाच टाकीत दोन-तीन औषधे. सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषे शरीरातील कोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात. मग लाळ, घाम, आकुंचलेल्या बाहुल्या आणि कोंडणारा श्वास. उतारा आहे, अॅट्रोपिन, पण तो वेळेत मिळायला हवा.

येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. फवारणाऱ्याच्या अंगात विष मुख्यतः शिरते ते कातडीतून. गळक्या पंपाने भिजलेल्या पाठीतून, ओल्या पँटमधून, औषध कालवणाऱ्या हातांतून. आपण मात्र तोंडाला रुमाल बांधून निश्चिंत होतो. तेच कपडे घरी बाई हाताने धुते, आणि तीच पुढे वेचणीलाही जाते. तिची गणना कोणत्याही नियमात 'फवारणारा' म्हणून होत नाही. रिकाम्या डब्यांचे काय होते, हे सांगायला नकोच.

नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी घातली. ती यवतमाळसह अकोला, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांना लागू होती, म्हणजे धाडच्या दुकानांनाही. तोवर फवारणीचा मुख्य हंगाम सरला होता, हे निराळे. त्या पाचांतले मोनोक्रोटोफॉस केंद्राने २०२३च्या आदेशाने बंद केले.

विषाशी येणारा संबंध खरोखर कमी करणारे उपाय फारसे देखणे नाहीत. डिसेंबरअखेर कपाशी उपटून टाकायची, फरदड घ्यायची नाही. अळीला पुढच्या हंगामापर्यंत तगायला आसराच उरत नाही. कामगंध सापळे लावायचे, पतंग मोजायचे, मगच पंपाला हात लावायचा. पण फरदडीत शेवटचे चार पैसे असतात, आणि ज्याचे देणे डोक्यावर आहे तो ते सोडायला सहजी राजी होत नाही. फवारणाऱ्याची मजुरीही अनेक ठिकाणी दिवसावर नव्हे, पंपावर ठरते: जितके पंप, तितके पैसे. हातमोजे घालून पंप सावकाश भरणारा माणूस त्या दिवशी चार पंप कमी मारतो.