साबणाच्या तुकड्याचा इतिहास

न्हाणीघरांतील साबणाची वडी रोज थोडी थोडी झिजत असते. पहिल्या दिवशीं तिच्यावर उमटविलेलें नांव स्पष्ट दिसतें; आठवड्यानें तें पुसट होतें; आणि अखेरीस बोटांतून निसटणारी एक पातळ चकती तेवढी उरते. या चकतीचें काय करावें, हा प्रश्न इतिहासाच्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीं. राजांच्या वंशावळी, लढायांच्या तारखा आणि तहांचीं कलमें यांच्या गर्दींत साबणाच्या तुकड्याला जागा कोण देणार? परंतु एखादी वस्तु मनुष्यानें किती मोलाची मानिली हें पाहावयाचें असेल, तर ती नवी असतांना तो तिचें कौतुक किती करितो हें न पाहतां, ती संपत आली असतांना तिची काय वाट लावितो हें पाहावें. या कसोटीला साबणाचा तुकडा लावून पाहिला, म्हणजे गेल्या चारशें वर्षांतील व्यापार, कर, रसायनशास्त्र आणि युद्ध यांचा बराचसा वृत्तांत त्यांतून बाहेर पडतो.

महाराष्ट्रांतील जुन्या घरांत हा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता. केसांना शिकेकाई आणि रिठे, अंगाला डाळीचें पीठ किंवा उटणें, भांड्यांना राख, अशी व्यवस्था असे. यांपैकीं कोणत्याहि वस्तूचा तुकडा म्हणून मागें राहत नाहीं. लागेल तितकें भिजवावें, वापरावें, आणि उरलेलें पाण्याबरोबर वाहून जावें. उरणारा तुकडा आपल्याकडील बहुसंख्य घरांत साबणाच्या वडीबरोबरच आला. म्हणून त्याची कथा जेथें साबण आधीं रुळला त्या युरोपखंडांतून आरंभिली पाहिजे.

तत्पूर्वीं हा तुकडा मूळचा आहे तरी काय, हें थोडक्यांत समजून घेणें इष्ट आहे. तेल किंवा चरबी यांचा दाहक क्षाराशीं संयोग झाला, म्हणजे साबण आणि ग्लिसरीन हे दोन पदार्थ निर्माण होतात. हातांला भाजणारा क्षार आणि हातांला चिकटणारें तेल, दोघेहि आपापला मूळ स्वभाव सोडून तिसराच पदार्थ होतात. हा संयोग एकदां पूर्ण झाला, कीं तो पुन्हां घडवून आणावा लागत नाहीं. भाजलेल्या विटेच्या तुकड्यांची पुन्हां वीट होत नाहीं. फुटलेलें मडकें कुंभाराच्या चाकावर परत चढत नाहीं. साबणाचें तसें नाहीं. थोडें पाणी आणि मंद उष्णता मिळाली, म्हणजे त्याचे तुकडे मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि निवल्यावर पुन्हां घट्ट वडी होते. तुकड्यांत साबणाचा एकहि गुण कमी झालेला नसतो. कमी झालेला असतो तो केवळ त्याचा आकार.

घरीं साबण करणाऱ्या गृहिणींना ही गोष्ट फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. एकाच जातीचे तुकडे निवडून ते किसणीवर किसावयाचे, पातेल्यांत घालून त्यांवर थोडें पाणी किंवा दूध शिंपडावयाचें, आणि तें पातेलें उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यांत ठेवून मंद आंचेवर तापवावयाचें. फार घुसळलें तर फेस होतो, म्हणून अधूनमधून हलक्या हातानें ढवळावयाचें. घट्ट पिठल्यासारखा लगदा झाला, कीं तो साच्यांत दाबून भरावयाचा, आंत पोकळी राहूं नये म्हणून साचा दोन-चार वेळां आपटावयाचा, आणि वडी काढून कांहीं आठवडे वाऱ्यावर वाळवावयाची. पाणी अधिक झालें, तर वाळतांना वडी आकसते आणि तडकते. अशी वडी दिसावयास जराशी खडबडीत असते खरी. पण तिला एक लाभहि असतो. तिच्यांत कच्चा क्षार उरलेला नसल्यामुळें नाजूक सुगंध शेवटीं मिसळला तर तो टिकतो. घरच्या साबणाचा एखादा घाणा बिघडला, क्षार अधिक होऊन साबण हाताला झोंबूं लागला, तर त्याच रीतीनें तो पुन्हां तापवून, बेताचें तेल घालून सुधारतांहि येतो.

आज ही युक्ति काटकसरीची समजली जाते. पण इतिहासांत ती प्रथम ठळकपणें दिसते ती श्रीमंतांच्या दालनांत. १६०२ सालीं लंडन येथें छापलेल्या ह्यू प्लॅट यांच्या ‘डिलाइट्स फॉर लेडीज’ या पुस्तकांत हात धुण्याच्या सुगंधी गोळ्यांची एक कृति आहे. तिच्यांत नवा साबण करावयास सांगितलेलेंच नाहीं. स्पेन देशांतून येणारा, ऑलिव्ह तेलाचा कॅस्टिल साबण खरवडून घ्यावा, गुलाबपाण्यांत विरघळवावा, गुलाबाच्या पाकळ्या, लव्हेंडरचीं फुलें आणि सुगंधी मुळ्या यांचें वस्त्रगाळ चूर्ण त्यांत घालून खलांत खूप घोटावें, अशी ती रीत आहे. त्या काळीं इंग्लंडांतील स्थानिक साबण पुष्कळदां जनावरांच्या चरबीचा असे. तो कपड्यांना चाले, पण सुकुमार हातांना रुचत नसे. उत्तम साबण परदेशांतून यावयाचा आणि महाग पडावयाचा. म्हणून तयार साबणाला मोडून पुन्हां घडविणें हें सुगंधी द्रव्यांचे व्यापारी आणि खानदानी स्त्रिया यांचें कौशल्याचें काम ठरलें. तें करण्यांत कोणासहि दारिद्र्य वाटत नव्हतें.

पुढें राजसत्तेचें लक्ष साबणाकडे गेलें. १७१२ सालीं इंग्लंडांत साबणावर पौंडामागें एक पेनी कर बसला, आणि वाढत वाढत तो १८१६ सालीं तीन पेन्सांवर गेला. कर चुकवून रात्रीं गुपचूप साबण शिजवूं नये, म्हणून सरकारी अधिकारी कारखान्यांतील कढयांच्या झांकणांना कुलुपें लावीत. हा कर साबण तयार होतांनाच वजनावर घेतला जाई. म्हणजे विकत घेतलेल्या वडीच्या कणाकणावर कर भरलेला असे. ज्या घरीं मजुरीचे पेन्स मोजून खर्च होत, त्या घरीं तुकडा टाकून देणें म्हणजे सामान आणि कर दोन्ही एकदमच मोरींत ओतणें होतें. स्वच्छता ही गरिबांना न परवडणारी चैन ठरावी, हें त्या कराचें खरें फळ. अखेर १८५३ सालीं अर्थमंत्री ग्लॅड्स्टन यांनीं हा कर काढून टाकिला.

अटलांटिकपलीकडे याच काळांत निराळें चित्र दिसत होतें. १८२९ सालीं लिडिया मारिया चाइल्ड या अमेरिकन लेखिकेनें काटकसरी गृहिणींसाठीं एक पुस्तक लिहिलें. शहरांत राख आणि चरबी देऊन त्यांच्या बदल्यांत साबण घ्यावा, पण खेड्यांत तो घरींच करणें हिताचें, असा तिचा अभिप्राय होता. ज्या घरांत चुलीची राखहि साबणासाठीं राखून ठेवावयाची, त्या घरांत तयार साबणाचा तुकडा वायां जाण्याचा संभवच नव्हता. केलेल्या श्रमाची आठवण त्या तुकड्याला चिकटलेली असे.

हें सारें पालटलें तें रसायनशास्त्रामुळें. क्षार मिळवावयाचा तर पूर्वीं झाडें किंवा समुद्रकांठच्या वनस्पति जाळून राख करावी लागे. फ्रान्समध्यें निकोलस लेब्लांक यांनीं साध्या मिठापासून सोडा करण्याची रीत शोधून १७९१ सालीं तिचें स्वामित्वपत्र मिळविलें. मिशेल शेव्हरल यांनीं १८११ पासून चरबीच्या घटनेचा अभ्यास केला आणि १८२३ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध करून साबण होतांना काय घडतें याचा उलगडा केला. १८६१ सालीं अर्नेस्ट सोल्वे यांनीं सोड्याची आणखी स्वस्त रीत काढिली. आतां साबणाचा कारागीर अंदाजानें चालणारा राहिला नाहीं; तो मोजून, तोलून काम करूं लागला.

मौजेची गोष्ट अशी, कीं कारखान्यानें घरगुती साबण मागें टाकिला, पण घरगुती युक्ति मात्र उचलली. लंडनच्या सोहो भागांत १७८९ सालीं दुकान थाटणारे अँड्र्यू पेअर्स यांनीं १८०७ च्या सुमारास जो पारदर्शक साबण काढिला, त्याच्या मुळाशीं तयार साबण मद्यार्कांत विरघळवून पुन्हां घट्ट होऊं देण्याचीच कल्पना होती. फ्रान्समध्यें पुढें आलेल्या पद्धतींत साबणाचे पातळ काप वाळवून, सुगंध आणि रंग घालून ते दगडी रुळांतून पुन्हां पुन्हां दाबून काढीत, आणि मग त्यांची वडी पाडीत. उत्तम प्रतीचा अंगाचा साबण आजहि बहुधा याच तत्त्वावर होतो. वडीवर ठसा मारतांना कडांचा जो भाग सुटतो, तो गोळा करून परत यंत्रांत घालितात. किसणीच्या जागीं रूळ आले, पातेल्याच्या जागीं यंत्र आलें. पण मोडलेल्या साबणापासून चांगला साबण होतो, हें गृहिणीचें ज्ञान जसेंच्या तसें राहिलें.

तुकड्याची प्रतिष्ठा उतरली ती मात्र याच कारखान्यांच्या यशामुळें. पूर्वीं वाणी लांब दांड्यावरून साबण कापून, तोलून देत असे. विल्यम लिव्हर यांनीं १८८४ पासून ‘सनलाइट’ या नांवानें, कागदांत गुंडाळलेल्या आटोपशीर वड्यांची विक्री चालविली. १८८८ सालीं त्या साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. आपल्याकडे चरबीच्या शंकेनें अनेक घरें साबणापासून दूरच होतीं. १९१८ च्या सुमारास अर्देशिर गोदरेज यांनीं मुंबईंत वनस्पतींच्या तेलापासून साबण केला, तेव्हां त्या घरांचाहि दरवाजा उघडला. वडी आली आणि तिच्याबरोबर तुकडाहि आला. मराठी गृहिणीनें त्याला आपल्या रीतीनें सामावून घेतलें. ओली चकती नव्या वडीच्या पाठीवर दाबून बसवावी, किंवा तुकडे फडक्याच्या पुरचुंडींत बांधून कपडे धुण्यास घ्यावे, हे प्रकार श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं पाहण्यांत असतील. तरीहि वडी जसजशी स्वस्त झाली, तसतसा तुकडा मोरीच्या कोपऱ्यांत विरघळून जाऊं लागला.

मग युद्धानें त्याला एकदम मोठेपणा दिला. तेलें आणि चरबी अन्नासाठीं वांचविणें प्राप्त झाल्यामुळें ब्रिटनमध्यें ९ फेब्रुवारी १९४२ पासून साबणाचें रेशनिंग सुरू झालें. माणशीं चार आठवड्यांस चार कूपनें मिळत. एका कूपनावर कपड्यांचा साबण चार औंस, म्हणजे सुमारें ११३ ग्रॅम, किंवा अंगाचा साबण तीन औंस मिळे. तान्हीं मुलें, आजारी माणसें आणि कांहीं विशिष्ट कामगार यांना अधिक वांटा असे. तारेच्या लहान पिंजऱ्यांत साबणाचे तुकडे कोंडून तो पिंजरा पाण्यांत हालवावयाचा, म्हणजे फेस होऊन भांडीं निघत. हें जुनें साधन घरोघरीं पुन्हां मानाचें झालें. कालपर्यंत ज्या चकतीकडे कोणी पाहत नव्हतें, ती बरणींत साठूं लागली. हें रेशनिंग युद्ध संपल्यावरहि चालू राहून १९५० च्या सप्टेंबरांत उठलें. तुकड्याच्या अंगीं या आठ वर्षांत कोणताहि नवा गुण आला नव्हता. लोकांच्या दृष्टींत तेवढा फरक पडला होता.

ही दृष्टि पुन्हां मावळली, तरी कथा तेथें संपली नाहीं. युगांडांत जन्मलेले डेरेक कायोंगो यांचे वडील साबण करीत असत. ईदी अमीनच्या राजवटींत त्या कुटुंबाला देश सोडून केनियांत आश्रय घ्यावा लागला. पुढें १९९० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत कायोंगो अमेरिकेंत गेले असतां फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलांत त्यांना दिसलें, कीं कालचा जेमतेम वापरलेला साबण काढून रोज नवी वडी ठेवितात. आपल्याकडून तिचे पैसे घेतले जातील अशा समजुतीनें ते नवी वडी परत करावयास गेले. जुन्या वडीचें काय होतें, याचें उत्तर ‘टाकून देतों’ एवढेंच मिळालें. हात धुण्यास साबण नसल्यामुळें अतिसारानें दगावणारीं मुलें ज्यानें निर्वासितांच्या वस्तींत पाहिलीं, त्याला हें उत्तर साधें वाटणें शक्य नव्हतें.

२००९ सालीं कायोंगो यांनीं अटलांटा येथें ‘ग्लोबल सोप प्रोजेक्ट’ ही संस्था काढिली. हॉटेलांतून गोळा केलेले तुकडे साफ करावयाचे, त्यांचा चुरा करून तापवावयाचा, आणि निववून नव्या वड्या कापावयाच्या, असें तें काम. निरनिराळ्या जातींचे साबण ते एकत्र करीत नसत, कारण प्रत्येकाचा वास, रंग आणि क्षारपणा वेगळा असतो. आणि बाहेरच्या प्रयोगशाळेंत तपासल्यावांचून माल रवाना होत नसे. २०११ सालापर्यंत नऊ देशांत एक लाखाहून अधिक वड्या पोंचल्या होत्या. एका जातीचे तुकडे निवडावे, ही किसणी घेऊन बसलेल्या गृहिणीची पहिली सूचना येथेंहि मुकाट्यानें पाळली गेली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

खानदानी स्त्रीच्या खलापासून निर्वासितांच्या वस्तीपर्यंतचा हा प्रवास पाहिला, म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. तुकडा चारशें वर्षांपूर्वीं जसा मळ काढीत असे, तसाच आजहि काढितो. महागाईनें त्याला सुगंध चढविला, करानें जपावयास लाविलें, स्वस्ताईनें मोरींत घातलें आणि युद्धानें बरणींत ठेविलें. प्रत्येक वेळीं बदलली ती भोंवतालची परिस्थिति. वस्तूची किंमत बाजार ठरवितो. पण तिचा उपयोग बाजारानें ठरत नाहीं. ज्या घरीं वडी स्वस्त आहे त्या घरानें तुकडा जपलाच पाहिजे असा कायदा कोठें नाहीं. तथापि तो टाकतांना, दुसऱ्या एखाद्या घरीं तेवढ्यानेंच एका मुलाचे हात आठवडाभर स्वच्छ राहिले असते, हें ज्याच्या मनांत येईल, त्याला या लहानशा इतिहासाचें तात्पर्य वेगळें सांगावें लागणार नाहीं.