पोच आली, निरोप पोचला नाही

रविवार, १४ एप्रिल १९१२. उत्तर अटलांटिक. वेळा 'टायटॅनिक'च्या घड्याळाच्या, अदमासे.

सकाळी ९:००
'कॅरोनिया' जहाजाकडून दिवसाचा पहिला इशारा येतो: पुढे हिमनग आहेत, बर्फाचे तरंगते पट्टे आहेत. बिनतारी खोलीतून कागद ब्रिजवर कप्तान एडवर्ड स्मिथ यांच्या हातात जातो. ते पोच पाठवतात आणि कागद अधिकाऱ्यांना दिसेल असा लावतात. आकाशातून कानात, कानातून कागदावर, कागदावरून जहाज हाकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असा हा पूर्ण रस्ता. पुढच्या प्रत्येक नोंदीत तो कुठे तुटतो, तेच पाहायचं आहे.

दुपारी १:४२
'बाल्टिक'चा इशारा. कप्तान तो वाचतात आणि कंपनीचे प्रमुख ब्रूस इस्मे यांच्या हाती देतात. इस्मे कागद खिशात घालतात. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास कप्तान तो परत मागून घेतात, तोवर साडेपाच तास गेलेले असतात.

दुपारी १:४५
'अमेरिका' या जर्मन जहाजाला दोन मोठे हिमनग दिसले आहेत. निरोप वॉशिंग्टनच्या जलमापन कार्यालयासाठी आहे, 'टायटॅनिक'ने तो फक्त पुढे ढकलायचा आहे. वर पत्ता दुसऱ्याचा, म्हणून कागद ब्रिजकडे वळलाच नाही. बर्फ मात्र 'टायटॅनिक'च्याच वाटेवर होतं.

संध्याकाळ
दुय्यम ऑपरेटर हॅरॉल्ड ब्राइड, वय २२, हिशेब लिहीत बसला आहे. 'कॅलिफोर्नियन' जहाज त्याला बर्फाची खबर द्यायला हाक मारतं. तो ती घेत नाही. काही वेळाने तेच जहाज तीच खबर दुसऱ्या जहाजाला देऊ लागतं, तेव्हा ब्राइड ती ऐकतो, लिहून घेतो आणि ब्रिजवर नेऊन देतो. पहिली प्रत हरवली, दुसरीने काम केलं. पण दुसरी त्याच्यासाठी पाठवलेली नव्हती, ती योगायोगाने कानावर पडली.

रात्री ९:४०
इथे थोडं थांबायला हवं.

मुख्य ऑपरेटर जॅक फिलिप्स, वय २५. त्याआधी यंत्र बंद पडलं होतं आणि दोघांनी कित्येक तास खपून ते दुरुस्त केलं होतं. त्या खंडात प्रवाशांच्या तारांचा ढीग साचला. पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग मोजून लोक खुशाली कळवत होते. आता न्यूफाउंडलंडमधलं केप रेस केंद्र टप्प्यात आलं आहे आणि फिलिप्स एकामागून एक तार उरकतो आहे. तो आणि ब्राइड दोघेही मार्कोनी कंपनीचे नोकर. प्रवाशांच्या तारा हेच त्यांचं रोजचं काम.

त्यात 'मेसाबा'चा निरोप येतो. दाट बर्फ, मोठाले हिमनग, आणि त्या टापूचे चारही कोपरे अक्षांश-रेखांशांसह. 'टायटॅनिक' त्याच चौकोनात शिरत होती. फिलिप्स 'मिळाला, आभार' असं उत्तर देतो. 'मेसाबा'चा ऑपरेटर स्टॅन्ली ॲडम्स तरीही वाट पाहत राहतो: निरोप कप्तानांना मिळाला, एवढं त्याला ऐकायचं आहे. ते उत्तर येत नाही. कप्तानाला थेट द्यायच्या निरोपावर घालायची 'एमएसजी' ही खूण या निरोपावर नव्हती. दुसरे अधिकारी लाइटोलर यांनी पुढे लिहिलं की तो कागद टेबलावर वजनाखाली ठेवला गेला होता. ब्रिजवरच्या वाचलेल्या कोणाही अधिकाऱ्याला तो पाहिल्याचं आठवत नव्हतं.

मोटारी एकमेकींशी थेट बोलतात त्या आजच्या बिनतारी व्यवस्थेचे नियम वाचताना मला हे टेबल आठवतं. मोटार आपली जागा आणि वेग सेकंदाला दहा वेळांपर्यंत सांगते. २०१७च्या मानकात पाठवणारी मोटार फार तर तोच निरोप आणखी एकदा आंधळेपणाने पाठवू शकत होती. पोच मागायची सोयच नव्हती. २०२०च्या मानकात ती आली. शिवाय घेणारी मोटार अर्धवट कळलेला निरोप फेकून देत नाही, स्मृतीत राखते आणि दुसरी प्रत आली की दोन्ही जुळवून अर्थ लावते. पण ही स्मृती म्हणजे फिलिप्सचं टेबलच: जागा मोजकी. ती भरली की काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवावं लागतं. त्यासाठी प्रत्येक निरोपावर आठ पातळ्यांपैकी एक प्राधान्याची खूण असते.

त्याच मानकातली एक पद्धत मला अस्वस्थ करते. गटातल्या ज्या मोटारीला निरोप कळला नाही, तिनेच 'नाही' म्हणायचं. कळला, तिने गप्प राहायचं. पण निरोप येतो आहे ही सूचनाच जिच्या कानी पडली नाही, तीही गप्पच असते. पाठवणाऱ्याला दोन्ही गप्प सारखेच ऐकू येतात, आणि तो दुसरी प्रत पाठवत नाही.

रात्री १०:५५
'कॅलिफोर्नियन' बर्फात अडकून थांबली आहे. तिचा ऑपरेटर सिरिल इव्हान्स, वय २०, तसं कळवू लागतो. जहाज इतकं जवळ की केप रेसचा क्षीण आवाज टिपणाऱ्या फिलिप्सच्या कानात त्याचे ठोके धडकतात. गप्प बस, मी केप रेसशी बोलतो आहे, असं फिलिप्स कळवतो. मी फिलिप्सला दोष देत नाही. साचलेल्या कामात मान घालून बसलेल्या माणसापुढे सगळे कागद सारखेच येत होते. कोणता जीवाचा आणि कोणता खुशालीचा, हे कागद आपणहून सांगत नव्हता.

रात्री ११:३०
इव्हान्स कानावरचा फोन काढून झोपतो. त्याच्या जहाजावर दुसरा ऑपरेटर नाही.

रात्री ११:४०
टेहळणीच्या डोलकाठीवर फ्रेडरिक फ्लीट तीनदा घंटा वाजवतो. वेग २२ नॉटच्या आसपास. हिमनग उजव्या कुशीला घासून जातो.

मध्यरात्रीनंतर १२:१५
फिलिप्स मदतीची हाक सुरू करतो आणि पुनःपुन्हा तीच पाठवत राहतो.

१२:२५
सुमारे ५८ मैलांवरच्या 'कार्पेथिया'चा ऑपरेटर हॅरॉल्ड कॉटम झोपायच्या तयारीत आहे. कपडे उतरवताना फोन कानावरच आहे, कारण 'पॅरिशियन' जहाजाला पाठवलेल्या निरोपाची पोच त्याला अजून मिळायची आहे. त्या वाट पाहण्यात त्याला कळतं की केप कॉड केंद्राकडे 'टायटॅनिक'साठी तारा साचल्या आहेत. तेवढं सांगायला तो फिलिप्सला हाक मारतो आणि उत्तरात संकटाची बातमी येते. 'कार्पेथिया'ने मग सातशेवर माणसं जीवरक्षक बोटींतून वर घेतली.

पहाटे २:२०
'टायटॅनिक' बुडते. सुमारे १,५०० माणसं जातात, त्यांत जॅक फिलिप्स. बुडण्याच्या थोडा वेळ आधीपर्यंत त्याची हाक इतर जहाजांना ऐकू येत होती.

सकाळी ५:३०च्या सुमारास
'कॅलिफोर्नियन'चा मुख्य अधिकारी इव्हान्सला उठवतो. इव्हान्स फोन कानाला लावतो आणि कोण आहे म्हणून हाक घालतो.